तुमी कुटच्या?

४ जानेवारी, रविवार

उद्या पहिली ड्यूटी. वय एकोणपन्नास, बावीस वर्षं एका शिपिंग कंपनीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये घासली, आणि आता लोकांचं हगणं-मुतणं काढायला निघालीस, असं कुमार दुपारी जेवताना म्हणाला. नवरा असून असं बोलतो! मी ताट घेऊन उठले, तर मागोमाग आला आणि मुकाट्याने चहा टाकला. ही त्याची माफी मागायची पद्धत. चहा कडू होता, तरी प्यायले.

सहा महिन्यांचा गृहशुश्रूषेचा कोर्स झाला. आता तीन महिने एका पेशंटकडे काम केलं की सर्टिफिकेट. कोर्सच्या सत्यवती सिस्टर म्हणाल्या, रोज चार ओळी लिहून काढा, मनावरचं उतरतं. म्हणून ही वही.

मग खरं तेच लिहिते. आपट्याला आई शेवटचे पाच महिने अंथरुणाला होती आणि मी गुणाबाई नावाची बाई ठेवली होती तिच्यासाठी. आपटा इथून अर्ध्या तासावर. आई गेली तो एकतीस मार्च. मी ऑफिसात, टेबलावर फायलींचा ढीग. गुणाबाईचा फोन दोनदा कट केला. शेवटचं पाणी तिनेच घातलं आईच्या तोंडात. मी पोचले तेव्हा ती आईच्या पायाशी बसून हंबरडा फोडत होती आणि मला मेलीचा राग आला. म्हटलं, पगारी बाई, एवढं काय नाटक! त्यानंतर ऑफिसात लक्षच लागेना. जूनमध्ये राजीनामा दिला. आपट्याचं घर कुलूपबंद आहे. मी गेले नाही परत.

५ जानेवारी, सोमवार

पेशंट महादेव पाटील, वय शहात्तर, राहणार पनवेलजवळच्या कोन गावात. ऑक्टोबरात अर्धांगवायूचा झटका. डावी बाजू गेली, बोलणं शाबूत. एक्स्प्रेसवेला जमीन गेलेली माणसं, तीन मजली घर, दारात दोन गाड्या. मुलगा हरेश बांधकामाचं बघतो, सकाळी साडेआठला जातो तो सातला येतो. आजोबांची बायको चंद्रावतीबाई गेल्या महिन्यात पडल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हणून दिवसाची ड्यूटी माझी, नऊ ते सात.

हरेशने पुरुष मागितला होता, पण संस्थेकडे सध्या पुरुष नाही. मी दिसल्यावर जरा बिचकला. पांढरा कोट, हातात फाइल. "मावशी" म्हणणार होता, मीच म्हटलं, "आशालता मॅडम म्हणा." उगाच का? मावशी म्हटलं की उद्या भांडी घासायला सांगतील. लगेच खुर्ची आली, ट्रेमधून चहा आला, एसी लावला. मान मिळाला बाई!

आजोबांनी धोतर नीट ओढून घेतलं आणि विचारलं, "तुमी कुटच्या?"

म्हटलं, "करंजाडे."

"तसा नाय. म्हायेर कुटं?"

सिस्टरांचा पहिला नियम, आपल्या घरचं सांगायचं नाही आणि पेशंटशी नातं लावायचं नाही. मी हसून म्हटलं, "आजोबा, बीपी बघू या आधी." त्यांनी उजवा हात पुढे केला.

८ जानेवारी, गुरुवार

आजोबा म्हणजे गुणी बाळ! कोर्समध्ये काय काय भीती घातली होती, पेशंट चावतात, शिव्या देतात. इथे काहीच त्रास नाही. दर दोन तासांनी मी भांडं पुढे करते, "लघवीला देऊ?" ते म्हणतात, "नको, झाला." मी जेवायला बाहेरच्या खोलीत बसते तेव्हा चंद्रावतीबाई आत असतात, तेव्हा उरकत असणार. डायपर नको म्हणाले, तर नको. माणसाचा मान राखावा.

पाणी मात्र भरपूर पितात. दहाला तांब्या भरून ठेवला की बारापर्यंत चकाचक रिकामा.

चार्ट रोज भरते. बीपी, जेवण, पाणी, लघवी, झोप. लघवीच्या रकान्यात "नॉर्मल" लिहिते. प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण रकाना मोकळा सोडायचा नाही, ही बावीस वर्षांची सवय. एक रकाना मोकळा राहिला तर बंदरात कंटेनर अडकतो.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मी तिळगूळ नेला होता. आजोबांनी उजव्या हाताने घेतला, कपाळाला लावला, उशाशी ठेवला. पुन्हा तेच, "मॅडम, म्हायेर नाय सांगितला तुमी."

म्हटलं, "सांगेन हो कधीतरी." चंद्रावतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी भिंतीकडे. काय एवढी उठाठेव लोकांना? आपट्याचं नाव काढलं की मला आईची खाट दिसते, ती यांच्या खोलीत कशाला आणू?

खिडकीत पलंगाला लागून अबोलीची कुंडी आहे. काय फुललीय! चंद्रावतीबाईंना म्हटलं, खत कुठलं घालता? त्या म्हणाल्या, "मी कशाला घालते? हात मोडलाय माजा." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. विचित्रच बाई.

संध्याकाळी सोसायटीत हळदीकुंकू. तळमजल्यावरच्या हेतलने विचारलं, "आशालता, सध्या काय करतेस?" मी तोंड उघडायच्या आत दारातून कुमार म्हणाला, "हेल्थकेअरमध्ये आहे, कोऑर्डिनेशन." मीही मान हलवली. घरी आल्यावर त्याच्यावर चिडले. खरं तर स्वतःवर.

१९ जानेवारी, सोमवार

आजोबा आज मरगळलेले. ओठ सुकलेले. म्हटलं, थंडीने असेल, व्हॅसलीन लावलं. हरेशच्या मित्रांनी काल शेतावर पोपटी लावली होती, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा ठेवल्या होत्या माझ्यासाठी बांधून. पेशंटच्या घरचं खायचं नाही हा नियम, म्हणून नको म्हटलं. चंद्रावतीबाईंचा चेहरा उतरला. नियम म्हणजे नियम.

चार्ट: सगळं नॉर्मल.

२२ जानेवारी, गुरुवार

दुपारी आजोबांना ताप, एकशे दोन. आजोबा मला ओळखेनात. "ये, बस, होडी आली का?" असं काहीतरी. पोट हाताला टणक लागलं. हरेशला फोन केला, तो वीस मिनिटांत आला, पनवेलला खासगी दवाखान्यात नेलं. तिथे नळी घातली तर लघवी किती यावी? अकराशे मिली, आणि काळपट, चहासारखी. नर्सने माझ्याकडे पाहिलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

लिहायला हात होत नाही. पण खरं तेच लिहायचं ठरवलंय.

डॉक्टरांनी माझी फाइल मागितली. पानं उलटत म्हणाले, "चार्ट छान ठेवलाय. पाणी दोन लिटर, लघवी रोज नॉर्मल. म्हणजे हे अचानक झालंय. मग किडनीत खडा किंवा गाठ आहे का ते बघावं लागेल. इंजेक्शन देऊन स्कॅन करू." हरेश म्हणाला, "करा, लागेल ते करा."

मी गप्प राहिले. त्या इंजेक्शनचा किडनीवर भार पडतो, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. तरी गप्प राहिले. लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं. मग परत फिरले.

"डॉक्टर, लघवीचा रकाना मी अंदाजाने भरलाय. मी एकदाही बघितलेलं नाही. पाणी मी ठेवत होते, पिताना बघितलं नाही."

डॉक्टरांनी फाइल मिटली. स्कॅन थांबवला. हरेशचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं. "अंदाजानं? मॅडम, माज्या बापाच्या बाबतीत अंदाज? काय कमी केला आमी तुमाला? खुर्ची दिली, एसी दिला, एका शब्दानं बोललो नाय."

बाहेर बाकावर चंद्रावतीबाई बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. मी शेजारी बसले आणि रडायला लागले. त्या म्हणाल्या, "तुमचा एकटीचा नाय चुकला. मना म्हायेत होता सगला."

"काय माहीत होतं?"

"ते पानी पीतच नवते. पानी पिला का मुताला लागतंय. तुमच्यासमोर कसा मुतायचा? हरेश सांच्याला आला का मंगच करायचे. नऊ ते सात धरून ठेवायचे. मी एका हातानं एकदा भांडा धरून बघितला, सगला अंथरून भिजला. मंग ते मनाबी नको म्हनाले."

"अहो, पण मी शिकलेली आहे! माझं कामच आहे ते."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "मॅडम हाव तुमी. कोनाच्या कोन, कुटच्या कोन. नात्यातली बाय असती, लेक-सून असती, तर गोष्ट येगली."

२८ जानेवारी, बुधवार

सत्यवती सिस्टरांनी बोलावलं. त्या ओरडतील म्हणून तयारी करून गेले होते, त्या हळू बोलल्या. "चुकीचं औषध दिलं असतंस तरी मी पाठीशी उभी राहिले असते. खोटी नोंद केलीस. सर्टिफिकेट थांबवतेय. पुढचं कमिटी ठरवेल. तोवर कुठल्याही पेशंटकडे जायचं नाही."

मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं नातं लावू नका. म्हणाल्या, "हो, सांगितलं होतं. उसनवारी नको, भांडणात पडायला नको म्हणून. माणूस दिवसभर मुतत नाही हे कळू नये म्हणून नाही सांगितलं." तोंडात मारल्यासारखं झालं. 

आजोबा वाचलेत. पण किडनी आधीसारखी होणार नाही म्हणे. हे मी केलं. कोणी काही म्हणो, मी केलं.

१ फेब्रुवारी, रविवार

जुन्या ऑफिसातल्या कोमलचा फोन. जागा रिकामी झालीय, पगार तोच, बुधवार संध्याकाळपर्यंत कळव. कुमारला इतका आनंद झाला की त्याने श्रीखंड आणलं. "हे बघ, प्रयत्न केलास, नाही जमलं, सोड. तुला त्या कागदांतलं सगळं येतं." वाईट म्हणजे मलाही हायसं वाटलं. कागद कण्हत नाही. कागदाला ताप येत नाही.

मग श्रीखंड खाताना एकदम मनात आलं, आई गुणाबाईसमोर कशी करत असेल? आई किती सोवळी, किती लाजरी. माझ्या वडिलांसमोर, तात्यांसमोरसुद्धा, कधी केस मोकळे सोडले नाहीत तिने. पाच महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही. वाटी तशीच ठेवली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चंद्रावतीबाईंचा फोन, आवाज दबका. आजोबा घरी आलेत. उद्या सकाळी दवाखान्याचा ब्रदर येऊन नळी काढणार. डॉक्टरांनी सांगितलंय, काढल्यावर पाणी पाजा आणि चारच्या आत स्वतःहून लघवी झाली पाहिजे. नाही झाली तर पुन्हा नळी, पुन्हा भरती, आणि आता जंतू शिरले तर सांगता येत नाही. हरेशची उद्या अलिबागला जमिनीची तारीख, अकरा वर्षांची केस, चुकवली तर सगळं गेलं. पुरुष माणूस मिळालाय, दादू म्हणून, पण शनिवारपासून.

"ते शेजारच्या पोरांना हात लावू देत नाय. तुमी येता काय? हरेशला नाय सांगितला मी."

"माझ्यासमोर तर त्यांनी पंधरा दिवस..."

"म्हायेत हाय मना. पन दुसरा कोन हाय?"

सिस्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, आणि ते बरोबरच झालं असतं. कळलं तर सर्टिफिकेट कायमचं गेलं. कुमारला सांगितलं, तो म्हणाला, "आशा, वेड लागलंय तुला." लागलं असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

सगळं लिहून ठेवते, क्रमाने.

कोट घातला नाही. फाइल नेली नाही. साडेनऊला ब्रदरने नळी काढली आणि तो गेला. आजोबा अर्धे झालेत. मला बघून धोतर ओढायला गेले, जमलं नाही, मग डोळे मिटून घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहाला तांब्या दिला, नको. अकराला नको. बाराला भांडं पुढे केलं, म्हणाले, "झाला." नळी काढून अडीच तास, मी समोर, आणि झाला म्हणे! मी म्हटलं, "आजोबा, खोटं बोलू नका. त्याने दोघांचं वाटोळं झालंय." तर भिंतीकडे तोंड केलं.

एक वाजला. चंद्रावतीबाई देवापाशी बसलेल्या. खुर्चीवर कपड्यांचा ढीग होता, मी पलंगाला टेकून खाली लादीवर बसले. समोर खिडकी. अबोली करपून गेली होती. पार काडी. दोन आठवडे आजोबा घरात नव्हते आणि...

"आजोबा, माझ्या तांब्यातलं पाणी तुम्ही हिला घालत होतात?"

पाठ तशीच. थोड्या वेळाने खांदा हलला. हसत होते! "मस फुलली व्हती," म्हणाले.

मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू. तिथे लादीवर बसून, नाक पुसत, शहाण्या बाईने करू नये ते सगळं केलं.

बऱ्याच वेळाने ते इकडे वळले. "तुमी कुटच्या?"

"करं..." म्हटलं, आणि थांबले. "आपट्याची. माझं माहेर आपटा."

"आपटा? नदीवरचा?"

"हो."

"कोनाची?"

"पोस्टातल्या तात्यांची. सायकलवरून यायचे, उंच, सावळे. कोन, रसायनी, सगळीकडे फिरायचे."

आजोबांनी मान उचलून माझा चेहरा न्याहाळला. मग म्हणाले, "माजी भयीन आपट्याला दिलेली. तिला वाचता येत नवता. मी उरनला मिठागरावर. मी कोनाकडून तरी कागद लिवून घ्यायचो, तो पोष्टमन तिला वटीवर बसून वाचून दाखवायचा. दोनदा वाचायचा. ती सांगायची मना, माजा भाव हाय तो आपट्यात." श्वास घ्यायला थांबले. "त्याची पोर तू?"

"हो."

"आय हाय?"

"गेली. मागच्या मार्चमध्ये. मी ऑफिसात होते, आजोबा. दोनदा फोन आला, दोनदा कट केला." हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कुमारलाही नाही.

त्यांनी काही सांत्वन केलं नाही. वरच्या पंख्याकडे बघत होते, ओठ पुटपुटत होते, हिशेब लावत होते नात्याचा. "भयनीचा भाव तो... मंग तू तिची भाशी... म्हंजे आमचीबी भाशीच झालीस." आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगो, ऐकलास काय? ही आपट्याची भाशी हाय आपली!"

चंद्रावतीबाई दारात आल्या. "पयल्या दिवशी नाय सांगाचा ते?" असं मला म्हणाल्या, अगदी रागावून.

दीडला आजोबांनी तांब्या मागितला. मी हाताचा आधार दिला, ते प्याले, मध्ये ठसका लागला, पुन्हा प्याले. या वेळी मी घोट मोजले. दोन वाजले, काही नाही. अडीच, काही नाही. आणखी अर्धा तांब्या. तीन वाजले. पोटाला हात लावून बघितलं, फुगत चाललं होतं, आणि मी आईची शपथ घालून देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नातं लागलं म्हणून शरीर लगेच ऐकतं असं थोडंच आहे?

तीन चाळीसला ते म्हणाले, "भाशे, भांडा दे."

दिलं. मी मान वळवणार होते, ते म्हणाले, "धर नीट, सांडल." धरलं. आधी थेंब थेंब. मग आवाज आला. बाहेर चंद्रावतीबाई मोठ्याने नाव घेत होत्या देवाचं. एकशे ऐंशी मिली. चार्ट नव्हता, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात लिहिलं, वेळेसकट.

हरेश सातला आला. मला बघून दारातच थांबला, चेहरा दगड. आईने कॅलेंडर दाखवलं. त्याने आकडा वाचला. मी निघाले तेव्हा नुसतं फाटक उघडून धरलं. माफ केलं असं मी समजत नाही.

वाटेत स्कूटी थांबवून कोमलला नको म्हणून कळवलं. सिस्टरांना उद्या सकाळी जाऊन सगळं सांगणार. काढायचं तर काढू देत. घरी कुमारने विचारलं, काय झालं? म्हटलं, "एकशे ऐंशी मिली." त्याला काही कळेना. मग सांगितलं सगळं, फोन कट केल्याचंही. तो माझ्याशेजारी येऊन बसला. चहा नाही टाकला.

आठ वाजता गुणाबाईला फोन लावला. दहा महिन्यांत पहिल्यांदा. तिला वाटलं पैशाचं काही राहिलंय. म्हटलं, नाही गं, एक विचारायचंय. माझी आई तुझ्यासमोर लाजायची का?

"पयले आठ दिवस लय लाजली. पानीच घेत नवती."

"मग?"

"मंग मी तिला आय म्हनाया लागली. मना आय नाय ना, ल्हानपनीच गेली. तिला तसा सांगितला. मंग नाय लाजली."

 तीच पुढे म्हणाली, "ताय, त्या दिवशी मी तुमाला दोनदा फोन केला, तो आयनंच कराया लावलेला. तुमी कामात असाल म्हनली. मंग म्हनाली, ऱ्हाऊ दे, तू हायस ना."